तुमचा मार्ग विकला गेला आहे

पिंपरी पेंढारच्या भरतला कुणी 'सध्या काय करतोस?' असं विचारलं, की तो आधी समोरच्याचं तोंड बघायचा आणि मग उत्तर ठरवायचा. शिकलेला माणूस असेल तर 'म्युझिकचं काम', पाहुणेमंडळी असतील तर 'कॉम्प्युटरचं', आणि सासरचं कुणी असेल तर तो चहाचं बघायला म्हणून आत निघून जायचा. खरं उत्तर 'स्टॉक म्युझिक' असं होतं. पण ते दिलं की पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

एकदा त्याने ते वडिलांना दिलं होतं. धर्माजी ओट्यावर बसून कांद्याच्या बराखीकडे बघत होते.

"स्टॉक म्हंजी?"

"धून करून इंटरनेटवर ठिवायची, दादा. कुणाला जाहिरातीला, व्हिडिओला लागली, तर त्यो पैसे भरून घेतो."

"म्हंजी बराखीत कांदा टाकावा तसं. भाव आला की काढायचा."

"तसंच."

"आन सडत न्हाई का?"

म्हातारा चेष्टा करत नव्हता, मनापासून विचारत होता. म्हणून तर ते भरतला जास्त लागलं.

भरतची बोटं वीस वर्षं बँजो पार्टीच्या कीबोर्डवर चालली होती. आळेफाट्यापासून मंचरपर्यंत असं मंगल कार्यालय नसेल जिथल्या मांडवात त्याने नवरदेवाला नाचवलं नाही. मग डीजे आले. आठ माणसं घाम गाळून जे करायची ते दोन भिंतींएवढे बॉक्स आणि एक लॅपटॉप करायला लागला. पार्टी मोडली. ढोलवाल्याने पिकअप घेतली, ट्रम्पेटवाला पोल्ट्रीत रमला. भरतला दुसरं काही येत नव्हतं आणि, खरं सांगायचं तर, शिकायचंही नव्हतं. वर्षाकाठी चार-दोन जुनी घरं अजून आग्रहाने बोलवायची, तेवढ्यावर त्याचा अभिमान टिकून होता. घर टिकलं होतं ते बायकोच्या, लंकाच्या, शिवणयंत्रावर.

अशात मोबाईलवर कुणीतरी गॉगलवाला दिसला आणि म्हणाला, घरबसल्या संगीत विका. भरत विरघळला. त्याने मधल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या ठोकल्या, जुना कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला आणि दुपारी, शेजारची पाण्याची मोटार बंद असली की, धुना भरायला बसला. लेक संस्कृती अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगला होती. ती रविवारी आली की साईटवर फॉर्म भरून द्यायची.

गोंधळाला सुरुवात तिथेच झाली. फॉर्म विचारायचा, या धुनेचा मूड कोणता? आता हळदीची धून आनंदाची असते, पण ती वाजताना नवरीच्या आईच्या डोळ्याला पदर असतो. याला कोणत्या चौकोनात टाकायचं? संस्कृती म्हणायची, "पप्पा, एकच निवडा." भरत तिच्याकडे असा बघायचा, जणू तिने जेवणात भाकरी आणि कालवण यातलं एकच निवडायला सांगितलंय.

मग कळलं की सगळ्यात जास्त खपतं ते 'कॉर्पोरेट' म्युझिक, म्हणजे ऑफिसचं. भरत ऑफिसात कधी बसलेला नव्हता. पण मेहनतीला माणूस कमी नाही. गावच्या पतसंस्थेत जाऊन तो बाकड्यावर दोन तास बसला आणि नीट ऐकलं. पंख्याची करकर, शिक्क्याचे दणके, मधूनच "सर्व्हर डाऊन हाय, उद्या या." घरी येऊन त्याने यातून इमानेइतबारे एक धून बांधली. शिक्क्याच्या जागी ढोलकी घेतली. पंधरा दिवसांनी साईटचं उत्तर आलं. इंग्रजी वाचायला त्याने मोबाईलमध्ये भाषांतराचं ॲप घेतलं होतं. ते मराठीत म्हणालं, "तुमचा मार्ग नाकारण्यात आला आहे."

ट्रॅकला ते ॲप मार्ग म्हणायचं. पण भरतला ते वाक्य जरा जास्तच खरं वाटलं. का नाकारला ते कुणी सांगत नव्हतं. कधी दोन मार्ग नाकारले जायचे आणि तिसरा, त्याला स्वतःला न आवडलेला, मंजूर व्हायचा. मंजूर झालेले तिथे नुसते पडून राहायचे. शेतात पीक येत नसेल तर माणूस मातीकडे बघतो, पाण्याकडे बघतो. इथे बघायचं कुठे?

एक धून मात्र त्याच्या जिवाची होती. 'पाठवणी'. पार्टीच्या दिवसांत त्याने स्वतः बांधलेली. नवरी गाडीत बसताना ती सुरू झाली, की वऱ्हाडातले खमके बाप्येसुद्धा उगाच चपला शोधायला लागायचे. ती साईटवर चढवताना संस्कृती कॉलेजला होती, म्हणून फॉर्म त्याने एकट्याने भरला. त्यात एक चौकोन होता. एक्सक्लुझिव्ह.

हा शब्द भरतला चांगला ठाऊक होता. मंचरच्या सुभाषचंद शेटजींच्या साडीच्या दुकानावर हातभर अक्षरांत लिहिलेला होता, 'एक्सक्लुझिव्ह पैठणी'. एकदा त्याने अर्थ विचारला, तर शेटजी म्हणाले होते, "एक्सक्लुझिव्ह म्हणजे भारीतलं. हे खाली ठेवलेलं ते साधं." आळेफाट्याच्या फर्निचरवाल्याकडेही तो शब्द होता, सलूनवरही होता. मग काय? बाकीच्या बारा धुनांना भरतने तो चौकोन मोकळा सोडला, कारण तो साधा माल होता. 'पाठवणी'ला मात्र अभिमानाने बरोबरची खूण केली.

दोन वर्षं गेली आणि एकही धून विकली गेली नाही. लंका कधी टोचून बोलली नाही, हे तिचे उपकार. पण तिचा भाऊ दादाभाऊ नारायणगावला टोमॅटोच्या गाळ्यावर होता. त्याला सीझनला हिशेबाला घरचा माणूस हवा होता, आणि तो दर आठवड्याला फोन करायचा. शेवटी भरतनेच बायकोला अक्षय्य तृतीयेपर्यंतचा शब्द दिला.

"अखितीपतूर बघू. त्येच्या आत एक जरी धून इकली, तर मी हितंच. न्हाई इकली, तर कीबोर्ड माळ्यावर आन मी गाळ्यावर."

"एक?" लंका म्हणाली.

"एकच. पर अनोळखी मान्सानं घेतलेली पायजे. ज्याला मी ठावा न्हाई, त्याला नुसत्या कानानं आवडली पायजे."

ही अट त्यानेच घातली, कुणी मागितली नव्हती. माणूस कधीकधी स्वतःच्या पायात असा धोंडा बांधतो.

अखितीला नऊ दिवस राहिले असताना दुपारी मोबाईल टुंग वाजला. मेल होती. ॲपने वाचलं, "अभिनंदन! तुमचा मार्ग विकला गेला आहे."

भरतने ते चार वेळा वाचलं आणि मग इतक्या जोरात ओरडला, की लंका यंत्रावरून उठून धावत आली.

"मार्ग इकला गेला, लंके! मार्ग!"

"कोनता मार्ग? शिवचा रस्ता?" तिचा चेहरा पांढरा पडला. "दादांनी सही केली का काय?"

शिवेवरच्या रस्त्यावरून चुलत्यांशी तीन वर्षं वाद चालू होता, तेव्हा तिची काही चूक नव्हती. भरतने तिला खाली बसवून समजावलं. 'पाठवणी' विकली गेली होती. मिळालेल्या पैशांत कीबोर्डची एक वायरही आली नसती, पण पैशांचं कोण बघतंय? साता समुद्रापार कुणीतरी हजारो धुनांतून त्याची धून कानाने निवडली होती. कोण ते साईट सांगत नव्हती. भरतने मनातल्या मनात एक गोरी नवरी केली, एक चर्च केलं, बाहेर एक लांब गाडी उभी केली. धर्माजी म्हणाले, "आला का भाव?" आणि कधी नव्हे ते पोराच्या पाठीवर हात ठेवला. भरत खरंच रडला. लंकाने आळीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी पाव किलो पेढे घेऊन तो मंचरला शेटजींच्या दुकानात गेला. हे घर त्याला जुनं. तीन महिन्यांपूर्वी शेटजींच्या खुशबूचं लग्न झालं, तेव्हा डीजे होताच, पण कीबोर्डला 'आपले भरतभाऊच' म्हणून सांगावा आला होता. शेटजींचा मुलगा पिंटू दुकानाच्या वर व्हिडिओ स्टुडिओ चालवायचा. बहिणीच्या लग्नाचं शूटिंग त्यानेच केलं होतं.

शेटजींनी पेढा तोंडात टाकला. "कशाचा रे?"

"माझी धून इकली गेली, शेटजी. इंटरनेटवर. 'पाठवणी'. फॉरेनला."

वरून उतरणारा पिंटू जिन्यातच थांबला.

"भाऊ, फॉरेनला नाय. ती मीच घेतली."

भरत हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे.

"खरंच राव. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ मी नेटवर टाकला. तुमीच मला पेनड्राईव्हमध्ये दिलेली ना धून, मागं? तीच लावली. दोन दिवसांत नोटीस आली, हे संगीत अमक्या कंपनीचं हाय, परवानगी घ्या न्हायतर आवाज बंद. मी म्हणलं, ही तर आपल्या भाऊंची! साईट उघडून बघितली तर खरंच तुमचा फोटो, गॉगल घातलेला. मग भरले पैसे." तो जरा थांबला. "पण भाऊ, कंपनीला देऊन टाकली ते आधी सांगायचं ना. लई वाईट वाटलं मला."

"मी कुटं दिली? मी नुसती ठिवली!"

"एक्सक्लुझिव्हवर टिक हाय तुमची. म्हंजी त्यांच्याशिवाय कुणाला द्यायची न्हाई. मला पण न्हाई. तुमाला स्वतःच्या व्हिडिओत लावायची झाली, तरी त्यांना इचारावं लागंल."

भरतने दुकानाच्या दारातून वर पाटीकडे पाहिलं. मग शेटजींकडे पाहिलं. शेटजी दुसरा पेढा घेत होते आणि त्यांना यातलं काहीही कळत नव्हतं.

"दुसरं म्युझिक लावायचं व्हतं," भरत कसाबसा म्हणाला. "फुकाटचं लई मिळतं."

"लावलं ना. ताईला पाठवलं इंदूरला. तिनं परत पाठवलं." पिंटू वडिलांची नजर चुकवून हळू बोलला. "ती म्हणली, पप्पा आख्ख्या लग्नात एकदाच रडले, ते ह्या धुनेवर. ही नसंल तर मला व्हिडिओच नको."

एसटीत बसल्यावर भरतला आपण खूश आहोत की फसलोय, काहीच ठरवता येईना. खुशबूचं ऐकून छाती भरून आली होती हे खरं. त्याच वेळी लाजेने कान तापले होते, हेही खरं. आपलीच धून, आपणच दिलेली, आपल्याच माणसाने पैसे भरून सोडवून आणली. त्यातले निम्म्याहून जास्त कंपनीने ठेवले. ज्या गोऱ्या नवरीसाठी आळीभर पेढे वाटले ती कुठे नव्हतीच. अट मोडली की पाळली गेली? कळंबपर्यंत त्याला वाटलं पाळली गेली. नारायणगाव आलं तेव्हा वाटलं मोडली. तिथे टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली पिकअप एसटीला आडवी झाली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसला, आणि भरतने खिडकीतून तोंड आत घेतलं.

घरी त्याने लंकाला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, एक्सक्लुझिव्हसुद्धा. सांगताना स्वतःचाच इतका राग आला, की आवाज फाटला.

लंका एका ब्लाऊजची बाही उसवत होती. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मंजी धून आपली हाय ना?"

"आपलीच."

"पर कुणाला द्यायची न्हाई."

"न्हाई."

"आन पिंटूशेटनं घेतली, ती त्याला आवडली म्हणून का तुमच्यावर दया आली म्हणून?"

"दया न्हाई. त्याला तर राग आलावता माझा. खुशबूला पायजे व्हती."

लंकाने दातांनी दोरा तोडला.

"पर ते ओळखीचे, लंके," भरत म्हणाला. "मी काय म्हणलो व्हतो? ज्याला मी ठावा न्हाई, त्यानं घेतली पायजे. तसल्या एकानं बी घेतली न्हाई. दोन वर्षांत एकानं बी न्हाई."

"न्हाई घेतली." तिने मान वर केली. "आन ज्यांना तुमी ठावं, वीस वर्षं ठावं, त्यांना फुकाटची चालंना म्हणून पैसं भरून तुमची घेतली. आता तुमीच सांगा, तुमाला इकायची कुणाला हाय?"

प्रश्न साधा होता. दोन वर्षांत फॉर्मने त्याला नाही नाही ते विचारलं, मूड विचारला, वेग विचारला, पण हे विचारलं नव्हतं.

खुंटीवरच्या पिशवीत मोबाईल वाजायला लागला. लंकाने जाऊन पाहिलं.

"दादाभाऊचा हाय. अखितीचं इचारंल. काय सांगू?"

"आन हिकडं," भरत म्हणाला. हो म्हणायचं की नाही, हे कळत नसतानाच त्याने फोन कानाला लावला.