ओलाव्यात वाळणारे तबक

विमान आखातातल्या मुहर्रक बेटावर उतरू लागले तेव्हा खाली समुद्र पोपटी होता आणि वाळू खमंग भाजलेल्या रव्याच्या रंगाची. मी लगेच मनात दोन कवितांची जुळवाजुळव केली. पुढचे बरेच दिवस चेहऱ्यावर खोबरेल थापून काढायचे आहेत, हे तेव्हा उपमांना कुठले कळायला!

धाकटी बहीण सुजाता जनाबियात राहते. मेहुणे अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात तंत्रज्ञ. शेजारच्या जपानी नोरिकोबाईंकडून ती वर्षभर लाकडावरचे कोरीवकाम शिकत होती. तिचे पहिले तबक पुरे होत आले होते. त्यावर पिंपळपान, त्याची शीर न् शीर छिन्नीने उठवलेली, आणि वर झाडाच्या चिकाचा काळसर तांबडा लेप. बुद्धपौर्णिमेच्या वंदनेला फुले त्यातच ठेवायची, असे तिने केव्हाचे ठरवले होते.

"ताई, ते कपाट उघडू नकोस हं," ड्यूटीवर जाताना ती बजावून गेली.

मी उघडले. आत ओली फडकी, दमट गारवा आणि मधोमध तबक! बिचारे सादळले म्हणून मी कळवळले. मे महिना, लख्ख ऊन, रिकामी गच्ची. वाळवणावर वाढलेल्या बाईचे हात स्वस्थ कसे राहणार? चादर अंथरून मी तबक पापडासारखे उन्हात मांडले. वाळले का ते बोटाने चाचपले आणि त्याच बोटाने गालावरचा घाम पुसला.

दुपारी वारा सुटला. सुजाता परतली तेव्हा पिंपळपान वाळूने माखले होते.

"ताई, हा चीक ओलाव्यातच वाळतो गं!" म्हणत तिने तबक उचलून घरात नेले.

दोन दिवसांत माझे तोंड सुजून लाल झाले. नोरिकोबाई आल्या. "खलास," तबक पाहून त्या तिथल्या अरबीत म्हणाल्या. लेप घासून पुन्हा चढवायचा, म्हणजे पौर्णिमा हुकली.

"बिब्बा उतावा तसा हा चीक उतलाय तुला," खोबरेल चोळताना सुजाता म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते, तरी हात हलका होता.

पौर्णिमेला फुले स्टीलच्या ताटात राहिली. मी सर्वांच्या मागे बसले, तेलाने चकाकत.

निघायच्या दिवशी तिने नव्या लेपाचे तबक दाखवले. देठापाशी वाळूचा एक कण तसाच होता.

"मुद्दाम ठेवलाय. कुणी विचारलं तर सांगेन, ही आमची कवयित्री ताई."

घरी पोहोचले तर गच्चीवर शेजारणीचे पापड.

"आलात? बरं झालं, जरा हात लावा!"

इतक्या विश्वासाने मला पुन्हा कुणी काही हाताळू देईल, असे वाटले नव्हते. मी पदर खोचला आणि आधी विचारून घेतले, "हे उन्हातच वाळवायचे ना?"