अधिवासाचा रकाना

"आधी घर बघू, राहणारे मग," असं म्हणत बाई चपला काढायच्या आणि कातळावर अनवाणी उभ्या राहायच्या. त्यांना तो दगड पायांनीही बघायचा असे.

तुम्ही रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, उन्हाळ्यात गेला असाल, तर तुम्हालाही तिथे जांभा दगड आणि करपलेलं गवत याखेरीज काही दिसलं नसेल. मलाही दिसत नसे. मी लांज्याहून एसटीने यायची आणि एका छोट्या संस्थेत संगणकावर जिल्ह्यातल्या वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या नोंदी भरायची. बाई कॉलेजातून वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. नोंदी तपासायला त्या रोज यायच्या, पगार न घेता.

प्रत्येक नोंदीत एक रकाना अधिवासाचा, म्हणजे तो जीव कसल्या जागी राहतो त्याचा. एखाद्या जमिनीवर प्रकल्प आणायचा की नाही हे ठरवताना आमच्या नोंदी बघितल्या जाणार होत्या. त्यामुळे त्या रकान्यात काय पडतं त्यावर त्या जमिनीचं पुढचं सगळं ठरणार होतं.

एकदा आमच्यातलं कुणीतरी सड्याचे फोटो बघून म्हणालं, "ओसाड खडक लिहून टाकू." दुसऱ्या दिवशी बाईंनी स्टीलच्या डब्यातून कातळावरच्या एका खळग्यातली सुकी माती आणली, काचेच्या वाडग्यात टाकली, वर विहिरीचं पाणी ओतलं आणि वाडगा माझ्या टेबलावर ठेवला.

"लक्ष ठेव गो."

काही दिवसांनी पाण्यात ठिपके हलायला लागले. पुढे त्यांचे काचेसारखे आरपार दिसणारे, झिंग्यांच्या जातीचे इवले जीव झाले. पिसांसारखे पाय वर करून ते उताणे पोहत होते. भाजून निघणाऱ्या त्या मातीत त्यांची अंडी पाण्याची वाट बघत पडून होती. मी सगळ्यांना हाका मारल्या. बाई मात्र वाडग्यावर वाकून नुसत्या हसत होत्या.

मग प्रश्न आला, अधिवासाची वर्गवारी कुठली घ्यायची? एक होती जगभर वापरतात ती, प्रत्येक प्रकारच्या जागेला ठरलेला आकडा देणारी. दुसरी बाईंनी स्वतः बांधलेली. नोकरीभर, दर सुट्टीत, जिल्हा पायी हिंडून त्यांनी ती तयार केली होती. तिच्यात सडा, कातळ, भरतीचं पाणी शिरतं ते खाजण, ओढ्यासाठी व्हाळ, राई असे आपले शब्द होते. आम्हा सगळ्यांना बाईंचीच हवी होती.

बाई म्हणाल्या, "हवी म्हणून नको. पारखून घेऊ."

त्यांनी तेच फोटो आणि तीच वर्णनं वेगवेगळ्या तालुक्यांत नोंदी करणाऱ्यांकडे पाठवली आणि दोन्ही पद्धतींनी वर्गवारी मागवली. उत्तरं आली. आकड्यांची बरीचशी एकमेकांशी जुळली. बाईंची जुळली नाहीत. एका तालुक्यातला सडा दुसऱ्यात माळ झाला होता. नाटे गावाच्या बाजूचं खाजण दापोलीकडच्यांना खाजण वाटत नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, आपण शब्दांचे अर्थ नीट लिहून देऊ."

"माझी पद्धत माझ्याबरोबर चाललेल्यांना कळते," बाई कागद खाली ठेवत म्हणाल्या. "मी नसेन तेव्हा? गोव्यातल्या, केरळातल्या सड्याशी आपला सडा ताडून बघायचा झाला तर? आकड्यांचीच घ्या."

"पण तुमचं इतक्या वर्षांचं काम..."

"काम सड्याचं होतं गो. माझं कुठलं?"

दोनच गोष्टींवर त्या अडून बसल्या. नोंदीत महिना हवा, म्हणजे एकच जागा चैत्रात खडक आणि श्रावणात तळं म्हणून लिहिता येईल. आणि गावचा शब्द लिहायला वेगळी जागा हवी. मग त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि स्वतःच्या जुन्या नोंदी एकेक करून नव्या आकड्यांत बसवायला लागल्या. त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. कुठे तरी वाईट वाटलेलं दिसेल असं वाटत होतं. त्या मात्र मधेच थांबून म्हणायच्या, "अगो, हे इथे किती छान बसलं!"

पुढे त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी चालणं बंद केलं. तरी नाट्याच्या खाडीकडची एक नोंद त्यांना खटकत होती, म्हणून आम्ही त्यांना गाडीतून नेलं. त्यांना उतरता येईना. त्यांनी काच खाली केली.

"मी इथूनच बघते. पाण्याची चव घेऊन सांग."

मी चिखलात उतरले, बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट आहे, पण समुद्राइतकं नाही."

"मग वरून व्हाळाचं गोडं पाणी मिळतंय. लिही तसं."

मी लिहिलं. ड्रायव्हरने विचारलं, "निघूया काय, बाई?"

"थांब रे जरा. भरती लागलीय."

त्याने गाडी बंद केली. पाणी तिवरांच्या मुळांतून आवाज न करता वर येत होतं. चिखलातले खेकडे एकामागून एक बिळांत शिरत होते. बाईंनी खिडकीवर हनुवटी टेकली होती, आणि आयुष्यभर बघितलेलं ते पाणी त्या तोंड किंचित उघडं ठेवून बघत होत्या. त्यानंतर त्या आमच्याबरोबर कुठेच आल्या नाहीत. त्या दिवशी मात्र पाणी रस्त्याच्या कडेला लागेपर्यंत आम्ही तिघंही तिथून हललो नाही.