डिकीवर पडलेली थाप

माझं लातूरला लेडीज पार्लर आहे. आयब्रो करताना रोज कुणी ना कुणी भुताचा किस्सा काढतं आणि मी दोरा दातात धरून नुसतं "हं हं" करते. विश्वास शून्य! तेव्हा हे वाचून माझ्याच गिऱ्हाइकांनी हसू नये, एवढीच विनंती.

नवरीच्या मेकअपच्या ऑर्डरींसाठी उदगीर, नांदेड अशी सारखी पळापळ असते. म्हणून नांदेडच्या एका एजंटकडून जुनी इलेक्ट्रिक कार घेतली. समुद्राकाठच्या शहरातली गाडी, पण अशी चकाचक की मी भाळलेच. मॅटखाली पांढरी भुकटी होती. "तिकडची हवाच खारट, मॅडम," एजंट म्हणाला. मी पुसून टाकली.

आमचं घर बैठं. आप्पांच्या खोलीचं दार पोर्चमध्येच उघडतं. आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. लकव्यानं उजवी बाजू गेली तेव्हापासून खाटेवरच.

पहिल्याच दिवशी भर दुपारी गाडी रिव्हर्समध्ये पोर्चात घेत होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि मागून डिकीवर धप्पकन थाप पडली... 'थांब' म्हणून कंडक्टर देतात तशी. ब्रेक दाबला, उतरले. कुणीच नाही! डिकीवर मात्र ओला पंजा उमटलेला. उन्हात बघता बघता वाळला आणि पांढरा पडला.

परत बसले, परत रिव्हर्स — परत थाप.

आप्पांनी खिडकीतून विचारलं, "कोन हाय गं मागं?"

"कुनी न्हाई आप्पा. मलाच भास होऊन राहिलेत."

"मला बी ऐकू आली की! थाप पडली की थांबायचं, माय. कोन दिली ते इचारत बसायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं तेव्हा मात्र पोर्चचा नादच सोडला. गाडी फाटकाबाहेर, कडुलिंबाखाली लावायला सुरुवात केली. चार्जिंगला घरातून लांबलचक वायर ओढायची. शेजारीण टोमणे मारायची — पोर्च काय पापड वाळवायला बांधला का?

काही आठवडे असेच गेले. एका दुपारी मी आप्पांना जेवू घालत होते. गाडी चार्जिंगलाही नव्हती. बाहेर फुस्स आवाज झाला, गाडीखालून धूर निघाला आणि मग जाळ... थेट कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत! घास माझ्या हातातच राहिला. गाडी पोर्चात असती तर? आप्पांच्या खोलीला दार तेवढं एकच. त्यांना उचलून मी कुठून नेणार होते?

अग्निशमनवाल्यांनी भरपूर पाणी मारून आग विझवली. त्यातला एक म्हणाला, "ताई, ही गाडी समुद्राच्या पुरात बुडालेली दिसून राहिली. खारं पानी बॅटरीत गेलं की मीठ आतून खात ऱ्हातं, मग कधी बी पेटती. आता विझली तरी भरोसा न्हाई, लांबच ऱ्हावा."

दुसऱ्या दिवशी सांगाडा न्यायला क्रेन आली. रिव्हर्समध्ये येता येता ड्रायव्हर एकदम थांबला. डोकं बाहेर काढून ओरडला, "मागून थाप कोन दिली?"

मी पायरीवर उभी, चांगली लांब. मागे कुणीच नव्हतं. मी तोंड उघडणार तोच सांगाड्यातून पुन्हा फुस्स झालं आणि जाळ उसळला — क्रेन जिथे येऊन टेकणार होती, बरोबर तिथे.

सगळं थंड झाल्यावर संध्याकाळी सांगाडा उचलला. क्रेन हलली तसे आप्पा खिडकीतून ओरडले, "राइट!" लकव्यानंतर त्यांचा इतका खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता.

"ड्रायव्हरला म्हनलात का आप्पा?"

"त्याला न्हाई. मागं हुबा हाय त्याला. लई ड्युटी केली त्यानं... जाऊ दे आता घरी."

एजंट आता फोन उचलत नाही. गाडी कुठे बुडाली, तेव्हा तिच्याजवळ कोण होतं, काही कळलं नाही. कशाचाच उलगडा नाही. ज्यानं कुणी माझे आप्पा वाचवले त्याला साधं थँक्यूही म्हणता आलं नाही, याची रुखरुख आहे.

पार्लरमध्ये अजूनही किस्से निघतात. आता मी दातातला दोरा काढते आणि विचारते, "मग? पुढं काय झालं?"