हुंगू नोका बाई

फूल नाकाकडे नेणारा हात ती वाटेतच धरायची. "हुंगू नोका बाई, देवाचं हाय." अमरावतीला बडनेरा रस्त्यावरच्या देवळापाशी फुले घ्यायला कधी थांबला असाल, तर तुमचाही धरला असेल.

वीस वर्षे फुले विकून तिने स्वतः एकही नाकाशी नेले नव्हते. पाटीवरच्या ओल्या फडक्याखालून उठेल तेवढाच गंध तिचा. म्हणायची, "आपल्यापाशी येईन तो आपला. वाकून घ्याचा नाही." तेवढ्यावरून कालच्या कळ्या ती डोळे मिटून वेगळ्या काढी.

नाकाचा आतला पडदा मात्र वाकडा. श्वास तोंडाने, बोलणे गेंगाणे. शेवटी लेकीने अकोल्याला नेऊन ऑपरेशन करवले.

परतली ती सुजलेले नाक घेऊन. शिंकरायचे नाही, खाली वाकायचे नाही. म्हणून हार डोळ्यांसमोर धरून ओवी. उशीवर रक्ताचा ठिपका दिसला की, रोज फुले घ्यायला येणाऱ्या मला विचारी, "नाक बसन तं नाही ना?" शेजारचा नारळवाला म्हणाला, आता बसलं तरी तुले कोन पाह्यते? ती हसली. हसताना शिंक आली, ती डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तोंड उघडून दिली.

खपल्या गेल्या, श्वास मोकळा झाला. वास तेवढा परतला नाही.

"बाई, शिळं फूल देवाले गेलं तं?" तिचे हात प्रथमच पाटीवर नुसते पडून होते.

डॉक्टरांनी रोज वास घेऊन पाहायला सांगितले होते: लवंग, लिंबू, फूल. लवंग झाली, लिंबू झाले. फुलाला ती तयार होईना. मग मी माझ्या कुंडीतला मोगरा तिच्या तळहातावर ठेवला. म्हटले, "हा देवासाठी खुडलेला नाही. तुमच्यासाठी फुललाय." भिंतीकडे तोंड करून, पदराआड, नव्या नवरीसारखी लाजत तिने तो हुंगला. नकाराची मान हलली.

तीन महिने रोज एक फूल, रोज तीच मान. एका सकाळी मोगरा हाती घेण्याआधीच ती थबकली.

"तुमच्या हाताले कांद्याचा वास येऊन राह्यला."

पोह्यांचा कांदा चिरून मी तशीच निघाले होते. ओशाळून हात मागे घेणार, तोच तिने तो दोन्ही हातांत धरून डोळ्यांना लावला. डोळे ओले झाले. म्हणाली, कांदा झोंबला. मोगऱ्याचा वास त्यानंतर आठवड्याने आला, आपणहून, पाटीतूनच.

यंदाच्या चैत्रात ती झोपेतच गेली. तिच्या उशाशी ठेवायला मी कुंडीतला मोगरा खुडला. सवयीने हात नाकाकडे निघाला, आणि वाटेतच थांबला.