गाण्यातली बाई आणि हौसाक्का

हौसाक्का गेल्याचा चहावाल्या बापूचा फोन आला, तेव्हा मी स्टेजवर गिटार जुळवत होतो. दुपारचे चार वाजले होते. "गेली गा आक्का. ताप लई चढला, रिक्षात घालायच्या आधीच..." आणि मी काय केलं? संध्याकाळी तिच्यावरचंच गाणं म्हटलं. "ती आजच गेली," असं माईकवर सांगूनही टाकलं. पोरांनी मोबाइलचे दिवे लावून हात हलवले. एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. त्या मला गोड लागल्या... महिन्याभरानं हे लिहिताना स्वतःची किळस येते.

कोल्हापूरच्या स्टँडबाहेर एका बंद दुकानाच्या पायरीवर ती वीसेक वर्षं राहिली. मूळची आजऱ्याकडची. नवऱ्यानं टाकलं, माहेरानं दार लावून घेतलं. बापूच्या गाड्यावर कपबश्या विसळायची, दुपारी फाटकी पोती शिवायची. कुणी अंगचटीला आला, तर पोत्याचा दाभण त्याच्या डोळ्यासमोर धरायची. कॉलेजात असल्यापासून मी तिथं चहाला जायचो. तिला बघूनच आमच्या रॉक बँडचं पहिलं गाणं सुचलं. त्यातली रस्त्यावरची बाई हात पसरते, रडते, शेवटी थंडीनं गारठून पडते. ड्रम थांबतात, मी किंचाळतो. गाणं गाजलं, आम्हाला गावोगावची बोलावणी येऊ लागली.

एकदा मोठ्या हौसेनं मी फोन तिच्या कानाला लावला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"ही कोण?"

"तूच की, आक्का."

"मी भीक कवा मागितली गा? आन् रडलो कवा?"

"गाण्यात तसं घालावं लागतंय. त्याबिगर लोकांना भिडत न्हाय."

"मग सांग लोकास्नी, हौसा कपबश्या धुती म्हणून. भिडलं तर भिडलं. ती भिकंची ओळ काढ."

"काढतो," म्हणालो. बँडमधले म्हणाले, लोक तीच ओळ आपल्याबरोबर म्हणतात. मी वाद घातला नाही. खरं तर मलाही ती ओळ आवडायची. पुढं दोन वर्षं मी तिच्यासमोर मान खाली घालून चहा प्यालो. तिनं पुन्हा विषय काढला नाही. माझ्याकडून तिनं आशाच सोडली असावी.

गेल्या आठवड्यात गगनबावड्याकडची एक तरुण नर्स आक्काला शोधत आली. आक्का गेल्याचं सांगून, 'ह्यांनी गाणं केलंय तिच्यावर,' म्हणून बापूनं तिला माझ्याकडं पाठवलं. "बारावीत नापास झालो म्हणून घरातनं पळून आलतो," ती सांगू लागली. "स्टँडवर दोघं मागं लागले. आक्कांनी आरडून अख्खं स्टँड गोळा केलं. माझा मामा न्यायला येईपर्यंत मला पायरीवर आतल्या बाजूला बसवलं, आन् स्वतः दिवसभर पुढं बसून राहिल्या. आता नोकरी लागली, म्हणून पाया पडाय आलतो."

तिनं गाणं मागितलं. मी लावलं. अर्ध्यातच तिनं फोन परत दिला.

"ह्या त्या न्हवंत."

मी फोन खिशात घातला.

"त्यांची माती कुठं केली? तिथं तरी जाऊन येतो."

मला ते ठाऊक नव्हतं. आक्का गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा सांगलीला कार्यक्रम होता, मी मातीला गेलोच नव्हतो. शेवटी बापूला फोन लावून तिच्या हातात दिला. बापू सांगत होता, ती हातावर पेनानं लिहून घेत होती. मी शेजारी नुसता उभा होतो.