चूल आधी, पाहुणे मग

कर्नल बिघडलाय म्हटल्यावर भिमाजीने शांतपणे विचारलं, "देवळाली कॅम्पातला का?"

ही १९८६ सालची गोष्ट. सातपूरच्या आमच्या कारखान्याने कॉम्प्युटर बनवायचा घाट घातला होता, आणि साहेबांनी भिमाजीला ड्रिल मशीनवरून उचलून वायरी जोडायला माझ्या हाताखाली दिलं होतं. सोमवारी बाहेरचे लोक मशीन बघायला येणार होते. चाललं तर भिमाजी इथेच कायम, नाहीतर परत ड्रिलवर. गड्याने तिथला ॲप्रन खुंटीवरून काढलाही नव्हता.

मी समजावलं, बाबा, हा कर्नल म्हणजे मशीनचा मूळ प्रोग्राम. डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर, घड्याळ, प्रत्येकाला चालवणारा एकेक ड्रायव्हर असतो, आणि कर्नल यादी बघून एकेकाला उठवतो.

पण गुरुवारपासून बटण दाबलं की पडदा काळाच. मी तीन दिवस डोकं फोडलं. वायरींना शिव्या घातल्या, भिमाजीलाही घातल्या. शनिवारी तो म्हणाला, "जयरामभाऊ, ज्याला हाक जाईल त्याचं एक अक्षर पडद्यावर उमटू द्या. कोण अडलाय ते तरी कळंल."

डिस्कचं अक्षर उमटलं आणि पुढे सगळं ठप्प.

"ही उठल्यावर काय करते?"

"मोटर फिरेपर्यंत दोन सेकंद थांबते."

"दोन सेकंद झाले हे तिला सांगतं कोण?"

"घड्याळ."

त्याने यादीवरून बोट खाली खाली नेलं. घड्याळ अगदी तळाला होतं. गुरुवारी ती यादी मीच 'नीट' लावली होती, मानाप्रमाणे. सगळ्यात भारी डिस्क पहिली, टीचभर घड्याळ शेवटी. नवीन ओळ एकही लिहिली नव्हती, म्हणून कोणाला सांगितलंही नव्हतं.

"भाऊ, मानाचे पाहुणे पंगतीला बसवले, पण चूल पेटवणाऱ्याला उठवलंच नाय," भिमाजी म्हणाला. मी घड्याळ वर घेतलं आणि मशीन चालू झालं.

सोमवारी पाहुणे खूश होऊन गेल्यावर साहेबांनी विचारलं, बिघाड काय होता? मी प्रिंटरचा कागद उगाच सरळ करत राहिलो.

"वायर सैल होती, साहेब," भिमाजी म्हणाला.

वायरी म्हणजे त्याचं काम. साहेबांच्या कपाळाला आठी पडली, आणि मला माझीच लाज वाटली.

"वायर नाही साहेब, माझी अक्कल सैल होती," मी म्हणालो. "शोधलं यानं."

मंगळवारी भिमाजीने ड्रिलवरचा ॲप्रन आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला, कीबोर्ड पुसायला.