बसलं, तर मागे घे

किस्से जमवायला कुणी बसत नाही. ते आपोआप साठतात, आणि काही घरांत तर इतके साठतात की चहाच्या आधी किस्साच पुढ्यात येतो! टेंभी नाक्याजवळचं सुध्याचं घर तसलं. पण सांगणारा सुध्याच. मी आणि पक्या फक्त ऐकणारे, आणि बहुतेक किश्शांमधले गाढवही आम्हीच.

दिवाळीनंतर सुध्याला झटका आला. हात-पाय बऱ्यापैकी सावरले, वाचा काही परत आली नाही. सगळं कळतं त्याला, पण शब्द बाहेर पडत नाही. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "त्यांच्यासमोर जुन्या गोष्टी बोलत राहा." म्हणून दर रविवारी मी डोंबिवलीहून आणि पक्या शीळफाट्याकडून येतो, आणि सुध्याचे किस्से सुध्यालाच सांगतो. तो हसायच्या जागी हसतो. मला फक्त एवढंच हवंय की एकदा तरी त्याने मला मध्येच तोडावं आणि म्हणावं, "शेखऱ्या, असं नव्हतं रे!"

*

आम्ही तिघं सुध्याच्या स्वयंपाकघरात बीअर करायचो. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, लग्नात पाण्याला ठेवतात तसल्या मोठ्या जारमध्ये गरम पाण्यात तासभर मुरवायचे, मग खालच्या नळाने गोड रस काढायचा. पुढचं उकळणं, आंबवणं सोपं. सगळी गोम त्या नळाशी. धान्य नळाच्या आतल्या जाळीवर घट्ट दाबलं गेलं, की वर रस भरलेला आणि खाली थेंब नाही!

याला आमच्यात एकच शब्द. "बसलं!"

एकदा असंच बसलं, म्हणून मी सुध्याला ऑफिसात फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. मी ओरडलो, "सुध्या, बसलं रे! सगळं बसलं!" तो शांतपणे म्हणाला, "बसलं ना? मग शनिवारचं आपलं बसणं बोंबललं." आणि फोन ठेवला. समोर बसलेल्या साहेबांनी विचारलं, "घरी काही प्रॉब्लेम?" सुध्या म्हणाला, "नाही सर, मित्राला उठता येत नाहीये."

*

सुध्याच्या बायकोला, मेधा वहिनींना, हा उद्योग कधीच आवडला नाही. त्या जारमधल्या मिश्रणाला त्या आंबोण म्हणायच्या. दारात आम्ही दिसलो की आत हाक, "अहो, तुमची गुरं आली! आंबोण तयार आहे ना?"

एकदा मी शहाणपणा करून जव डोंबिवलीच्या गिरणीत नेलेले. गिरणीवाल्याने विचारलं, "जाडं की बारीक?" आपल्या तोंडातून सवयीने काय जाणार? "बारीक!" घरी बायको चपातीचंच दळण पाठवते ना!

जारमध्ये नुसती खळ झाली. पोस्टर चिकटवायला घ्या! सुध्याने नळ उघडला, बंद केला, परत उघडला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "शेखऱ्या, आता याचे लाडू वळ."

वहिनी मात्र खरंच चिडल्या. "भावजी, इतकी वर्षं बघताय आणि एवढं कळत नाही? मला न पिता कळतं! लापशीसारखी भरड काढायची. दाणा फुटला पाहिजे, साल शाबूत राहिली पाहिजे. त्या सालीतूनच पाणी वाट काढतं. सालीचंच पीठ केलंत, तर जाणार कुठून ते?"

उरलेल्या कोरड्या पिठाची त्यांनी थालीपिठं लावली. गोडसर लागली, पण सगळी संपली.

*

असं होऊ नये म्हणून भातगिरणीतलं तूस मिसळायचं ही सुध्याचीच आयडिया. तूस म्हणजे भात भरडल्यावर निघतं ते दाण्यावरचं टरफल. त्याला चव नाही, पण धान्य मोकळं राहतं. पक्याच्या मामाची शीळफाट्याच्या पुढे भातगिरणी आहे, तिथून आम्ही पोतंभर घेऊन यायचो.

एकदा येताना शीळफाट्याला अडकलो. तिथे अडकण्यात नवीन काही नाही, पण त्या दिवशी चारी बाजूंनी गाड्या एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभ्या. सगळे हॉर्न मारतायत, सगळ्यांना पुढेच जायचंय. सुध्या गाडीतून उतरला. अंगभर तूस, डोक्यावर पक्याची टोपी. थेट एका टेम्पोवाल्यापुढे जाऊन उभा.

"मागे घे!"

"अरे काका, मला पुढे जायचंय!"

"म्हणूनच मागे घे! सगळे पुढे रेटतायत म्हणून बसलंय हे!"

टेम्पोवाल्याने वैतागून हातभर मागे घेतला. त्याच्या शेजारून एक रिक्षा निसटली, मग दुसरी, मग आख्खी लाईन हलली. सुध्या परत गाडीत येऊन बसला आणि पक्याला म्हणाला, "नळ बसला तर हेच करायचं. उलटी फुंक मारायची. दाबायचं नाही."

*

पक्याने ते फारच मनावर घेतलं. पुढच्या वेळी बसलं तेव्हा सुध्या ओरडला, "फुंक!" पक्याने नळाची नळी तोंडात धरली आणि ओढली! कडकडीत रस घशात. जीभ भाजली. आठवडाभर बोबडं बोलत होता बिचारा. बायकोला "साखर" म्हणायला जायचा आणि भलतंच काही निघायचं.

सुध्याने तेव्हा त्याच्या इतक्या नकला केल्या की वहिनी म्हणाल्या, "पुरे आता, बोलण्यावरून कुणाला हसू नये."

हा किस्सा पक्या आता सांगू देत नाही. मी एकदा सुरू केला, तर उठून गॅलरीत गेला. सुध्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हाताने खूण केली, सांग, सांग. मला नाही सांगता आला.

*

झटक्यानंतर मी फार उतावळा झालेलो, हे खरं. समोर बसायचो आणि मागे लागायचो. "सुध्या, पाणी म्हण. पा-णी. बरं, पक्या म्हण. बघ तरी करून!" तो तोंड उघडायचा, गळ्याच्या शिरा ताणायचा, काही यायचं नाही. मग मान खाली घालायचा.

एकदा वहिनी आतून आल्या. चेहरा लाल. "भावजी, नळ एकदम सोडू नका. आणखी घट्ट बसेल."

मी जिन्यात येऊन रडलो, खोटं कशाला सांगू.

*

आणि आता हा मागच्या रविवारचा.

वहिनींचा सकाळीच फोन. "भावजी, तो जार तुमच्याकडे आहे ना? घेऊन या."

मला वाटलं, भंगारात द्यायचाय. मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरांनी बंदी केलीय ना?"

"प्यायला केलीय. करायला नाही."

आम्ही पोचलो तर गॅसवर पाणी तापत होतं. सुध्या ओट्याजवळच्या खुर्चीत. फडताळातले जुने जव वहिनींनी स्वतःच मिक्सरमधून काढून ठेवलेले. पक्याने डब्याचं झाकण उघडलं आणि माझ्या कानाशी आला. "शेखऱ्या, हे तर मैद्यासारखं केलंय!"

"गप्प बस," मी म्हटलं. कौतुकाने केलंय त्या बाईने, काय बोलायचं?

तासभर मुरवलं. नळ उघडला. दोन थेंब आले आणि थांबलं. मी नळ आणखी उघडला. पक्याने जार हलवला. मी ढवळलं. वहिनी दाराला टेकून नुसत्या उभ्या. कुणी सुध्याकडे बघायला तयार नव्हतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुध्या खुर्चीच्या हाताला धरून अर्धा उठलेला. डोळे त्या नळावर. कपाळाची शीर फुगलेली, ओठ थरथरत होते.

"ब... ब..."

माझ्या ओठांवर शब्द आलेला. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ब... बसलं!"

पक्या मटकन खालीच बसला. मी तर रडायलाच लागलो. वहिनींचा आवाज मात्र जराही हलला नाही.

"हो, बसलंय. मग आता काय करायचं, सांगा."

सुध्याने श्वास घेतला. माझ्याकडे बघितलं, अगदी त्याच जुन्या, मला गाढव ठरवणाऱ्या नजरेने.

"शे... खऱ्या. मा... गे घे!"

मी नळी तोंडात धरली आणि फुंकली. जारमध्ये बुडबुडे आले, नळातून थोडा रस आला आणि परत थांबलं. पीठच ते, किती वाहणार! सुध्या हात हलवत काहीतरी मागत होता. शब्द सापडत नव्हता. "तू... तू..."

"तूस," वहिनी म्हणाल्या. "ओट्याखाली बघा, पिशवीत आहे. धुऊन वाळवून ठेवलंय."

मी पक्याकडे बघितलं. पक्याने नाही म्हणून मान हलवली. त्याने आणलेलं नव्हतं. आणि साल शाबूत ठेवायची असते, हे मला शिकवणाऱ्या बाईनेच जव मैद्यासारखे केले होते.